आजीच्या शालूचा रंग कोणता?

पहाटेचे साडेपाच. स्थळ : मार्केट यार्डाचा फुलबाजार. आयटीतली मुलगी या वेळी एकतर नाइट शिफ्ट संपवून घरी येते, नाहीतर गाढ झोपलेली असते. मी मात्र झेंडूच्या गोण्यांमधून वाट काढत होते. मागून हमाल ‘साइड, साइऽऽड’ ओरडत होते आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर होता 1961 सालचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो. माझ्या आजीच्या लग्नाचा.

‘‘काका, अशी वेणी करायचीय. शेवंतीची.’’

काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. ‘‘लग्न कधीचं?’’

‘‘माझं? डिसेंबरात.’’

‘‘तुमचं नाही हो, ह्यांचं!’’

‘‘मे महिन्यात.’’

‘‘मग ही शेवंती कुठली? त्या काळात मे महिन्यात शेवंती कोण देणार होतं? मोगरा आहे हा. मध्ये ते बारीक आहे ना, ती अबोली. आणि ताई, तुम्हाला हवाय मोगरा डिसेंबरात. तेव्हा मोगरा थोडा आणि भाव सोन्याचा. कागडा घ्या. फोटोत सेम दिसतो. वास मात्र मागू नका!’’

एका मिनिटात माझ्या चार महिन्यांच्या ‘रिसर्च’चा पार कचरा झाला होता. म्हटलं, वेणीच्या बाबतीत आपण इतके चुकलो, तर साडीचं काय?

तर, पहिल्यापासून सांगते.

रेट्रो वेडिंगचा फंडा

लग्न ठरलं तेव्हाच मी जाहीर केलं होतं की मला पेस्टल लेहंगा नको, डिझायनर गाऊन नको. मला आजीसारखं नटायचंय. हल्ली हा ट्रेण्ड चांगलाच जोरात आहे. माझ्या ऑफिसातल्या तीन मुलींनी गेल्या वर्षभरात आईचा नाहीतर आजीचा ‘लुक’ केला. एकीने तर अख्ख्या वऱ्हाडाला सत्तरच्या दशकाची थीम दिली होती. सगळे काका लोक खूश! त्यांना फक्त कपाट उघडायचं होतं. (सफारी बसत नव्हते, तो भाग वेगळा.)

पण ‘जुनं’ म्हणजे नक्की कधीचं? इथेच आपला गोंधळ होतो. ‘बाजीराव मस्तानी’ 2015 मध्ये आला आणि त्यानंतर ‘ट्रॅडिशनल मराठी ब्राइड’ म्हणजे नऊवारी, चंद्रकोर आणि ही मोठ्ठी नथ, असं समीकरणच झालं. त्याआधी 2012 मध्ये टीव्हीवर ‘उंच माझा झोका’ होती, तिच्यामुळे ठुशी, तन्मणी, चिंचपेटी ही नावं पुन्हा कानांवर आली. छानच. पण आपल्या घरातल्या अल्बमची पानं उलटून बघा. पेशवाई तिथे क्वचितच सापडते. तिथे काहीतरी वेगळंच चाललेलं दिसतं.

आमच्याकडचा सगळ्यात जुना फोटो पणजीचा. चाळीसचं दशक. ती नऊवारीत खुर्चीवर ताठ बसलेली, पणजोबा कोट-टोपी-धोतरात मागे उभे आणि दोघांच्याही चेहऱ्यावर पासपोर्ट ऑफिसातले भाव. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर कापड, आतून परकर नाही, कासोटा मागे खोचलेला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहरातल्या शिकलेल्या मुली सहावारीवर आल्या. ‘गोल साडी’ म्हणायचे तिला. म्हणूनच 1960 च्या आसपासचे अल्बम फार इंटरेस्टिंग. एकाच दिवसात दोन जमाने! गौरीहराशी बसलेली मुलगी मामाने दिलेल्या पिवळ्या अष्टपुत्रीत, नऊवारी नेसून. आणि संध्याकाळी तीच मुलगी सहावारी शालूत, पाठीवर लांब वेणी, जणू कॉलेजच्या गॅदरिंगला निघालीय. शालू म्हणजे बनारसी ब्रोकेड, तो साधारणपणे सासरकडून यायचा. पैठणी असली तर असली. ती त्या काळी घरटी एक नव्हती, हे आपण आज विसरतो.

सत्तरचं दशक म्हणजे माझ्या मोठ्या आत्याचं लग्न. नायलॉन, टेरिकॉट, गंगावन लावून उंच केलेला अंबाडा आणि नवरदेवाचे कानाखाली उतरलेले कल्ले. बेलबॉटममध्ये सप्तपदी कशी घातली असेल, हा प्रश्न मी काकांना विचारला. ते अजून उत्तर देत नाहीत. ऐंशीत कांजीवरम आणि व्हिडिओ शूटिंगवाल्याचा डोळे दिपवणारा लाइट. आणि 1994 मध्ये आला ‘हम आपके हैं कौन’! मग मराठी लग्नांत संगीत आलं, बूट पळवण्याचं मानधन वाढलं, नवरदेव शेरवानीत घुसला तो अजून बाहेर आलेला नाही.

जगात इतरत्र तरी काय वेगळं? ज्या पांढऱ्या गाऊनला आपण ‘परंपरागत’ म्हणतो, तो 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीने घातला, त्यानंतर हळूहळू रुळला. दुसऱ्या महायुद्धात रेशीम मिळेना तेव्हा युरोपातल्या मुलींनी पॅराशूटच्या कापडाचे वेडिंग ड्रेस शिवले. प्रिन्सेस एलिझाबेथने 1947 मध्ये आपल्या ड्रेससाठी रेशनची कुपनं वापरली. आपल्याकडे 1942 मध्ये इंदिरा गांधींनी नेसली ती वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची गुलाबी खादीची साडी. लग्नाचा पोशाख हा त्या त्या वेळी घरात काय होतं आणि बाजारात काय मिळत होतं, यावर ठरतो. हे वाक्य मी आता सहज लिहिलं. पण ते मला कळलं फार उशिरा, आणि तेही आजीकडून.

मिशन शालू

तर आजीचा फोटो. सहावारी, जरीचा भरगच्च पदर, कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज, हिरवा चुडा (हिरवा असणार, हे गृहीत). मला हीच साडी हवी होती. ती मिळणं शक्य नव्हतं, कारण आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं एक वाक्य आहे : ‘‘आजीचा शालू पानशेतात गेला.’’

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. 12 जुलै 1961. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरलं, पूल बुडाले आणि रात्रीपर्यंत पाणी ओसरलं तेव्हा मागे राहिला तो चिखल. आजीच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. नारायण पेठेतलं घर गेलं, लग्नाची ट्रंक गेली. हा एक फोटो वाचला तो केवळ त्याची एक प्रत वाईला तिच्या माहेरी होती म्हणून. पुढे कुटुंब सहकारनगरला आलं. आजोबा नाना पेठेत एका भुसार दुकानात दिवाणजी होते. बाजार गुलटेकडीला हलला तेव्हा तेही इकडे, मार्केट यार्डात आले आणि रिटायर होईपर्यंत इथल्याच एका गाळ्यावर वह्या लिहीत राहिले. माझं लग्नाचं कार्यालयही इथून पाच मिनिटांवर. त्यामुळे मला हे सगळं एकदम सिनेमासारखं वाटत होतं. आजीचा हरवलेला शालू नात परत आणणार! बस, ठरलं.

प्रश्न एकच. रंग कोणता?

आईचं म्हणणं, लाल. मामा म्हणाला, जांभळा. आत्या, जिचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, ती छातीठोकपणे हिरवा म्हणाली. आजीला विचारलं की ती म्हणायची, ‘‘छान होता गं.’’ फोटोग्राफर मित्राला फोटो दाखवला, तर त्याने माझं डोकंच फिरवलं. फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असेल तर लाल रंग जवळजवळ काळा उमटतो. पॅन्क्रोमॅटिक असेल तर लाल आणि हिरवा सारख्याच करड्या छटेत दिसू शकतात. म्हणजे फोटोवरून काही म्हणजे काहीही सांगता येत नाही. मोबाइलच्या एका अॅपने तो आपोआप रंगवून दिला, तर त्यात साडी चॉकलेटी आणि आजोबा गुलाबी आले.

मग वाटलं, एखादी त्या काळातली खरी साडीच मिळवू. हा मार्ग घेणाऱ्यांना माझा सावधगिरीचा इशारा! जुनं रेशीम घडीवर फाटतं. माझ्या मैत्रिणीने आईचा 1988 चा शालू उलगडला, तर घड्यांच्या रेषेवर तो उभा चिरत गेला. ड्रायक्लीनरने हात वर केले, रफूगाराने ‘पदर आणि काठ वाचतील, अंग नाही’ असं स्पष्ट सांगितलं. शेवटी तिने तो काठ-पदर नव्या कापडावर लावून घेतला आणि फार देखणं काम झालं. तुमच्या घरी अशी साडी असेल तर एवढं कराच : प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, दर काही महिन्यांनी घडी बदला, डांबराची गोळी कापडाला लागू देऊ नका आणि हँगरला तर मुळीच टांगू नका. जरीचं वजनच रेशीम फाडतं. आणि ‘जुनी जरीची साडी विकणे आहे काऽऽ’ म्हणत कोणी आलं, तर आधी आईला विचारा. खऱ्या जरीत चांदी असते. कित्येक घरांतले शालू असेच भट्टीत जाऊन त्यांची चांदी झाली आहे.

पुढचा पर्याय पैठणी. येवल्याची हातमागावरची. तिला 2010 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तरी बाजारात ‘पैठणी’ नावाने यंत्रमागाचा मालही भरपूर आहे. ओळखायची युक्ती सोपी : पदर उलटा करा. अस्सल पैठणीतला मोर मागूनही तसाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. विणायला काठपदरानुसार महिन्यापासून वर्षापर्यंत काहीही लागू शकतं. मी एक पसंत केली, किंमत ऐकून घोट गिळला, ईएमआयचं गणित मांडलं आणि रंग सांगायला दोन दिवसांची मुदत मागितली.

आणि मग आजी बोलली

फुलबाजारातून त्या सकाळी मी थेट सहकारनगरला गेले. हातात पावशेर कागडा, नमुन्याला. आजी चहा घेत होती. आता ब्याऐंशी वर्षांची आहे, कान थोडे गेलेत, बाकी सगळं शाबूत. मी फुलवाल्या काकांची गोष्ट सांगितली. ती मोगऱ्यावर खूश झाली. ‘‘बरोबर ओळखलं त्याने! तुमच्या आजोबांनीच आणला होता.’’

मग मी पैठणीची किंमत सांगितली. कप खाली ठेवला तिने.

‘‘एवढे पैसे कशाला घालतेस त्या शालूसाठी? तो माझा नव्हताच.’’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

‘‘थोरल्या वन्संचा होता. दोन तास नेसले, फोटो काढला, रात्री घडी करून परत दिला. ह्यांचा पगार तो केवढा, सासूबाई शालू कुठून आणणार? पण सासरकडून शालू नाही आला असं वाईला कळलं असतं, तर माझ्या वडिलांना काय वाटलं असतं? आणि सासूबाईंना काय वाटलं असतं? मग पूर आला. लोक विचारायचे, शालू कुठंय? म्हटलं, गेला पानशेतात. कोण तपासणार होतं!’’

चौसष्ट वर्षं! आजोबांना ठाऊक होतं. ते गेले आणि मग ही एकटीच ते सांभाळत होती. सासूला कमीपणा येऊ नये म्हणून, जी सासू कधीच गेली. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिने हा पुराचा शालू माझ्या निबंधातसुद्धा घातला होता, सातवीत.

‘‘मग पुरात गेलं काय?’’ मी विचारलं.

‘‘अष्टपुत्री. ती माझी होती. माझ्या मामाने आणलेली. पिवळी, सुती, लाल काठाची, काही फार किमतीची नव्हे. चिखलातून काढली, चारदा धुतली, पण वास गेला नाही. टाकली शेवटी.’’ आणि मग, बऱ्याच वेळाने, ‘‘ती मात्र पुन्हा बघायला आवडली असती.’’

कागडा तिने हातात घेऊन हुंगला आणि नाक मुरडलं.

त्या शालूचा रंग कोणता होता, हे मी मुद्दाम विचारलं नाही. पैठणी कॅन्सल केली. रिसेप्शनला माझ्या होणाऱ्या नणंदेची नेसणार आहे. तिनेच आपणहून देऊ केली, आणि तिला आजीची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसत हसत रडली. गौरीहराला नऊवारी अष्टपुत्री, आजी स्वतः नेसवणार. शिवलेली नाही. (शिवलेली नऊवारी सोयीची असते, मान्य. पण ती पायजम्यासारखी चढवताना मला हसू येतं, त्याला काय करणार?) वेणी कागड्याचीच, पण काकांनी मध्ये थोडा खरा मोगरा ओवून द्यायचं कबूल केलंय, ‘आजीबाईंसाठी’. लग्नाच्या दिवशी पहाटे चारला यायचं, त्यानंतर आलात तर जबाबदारी नाही, असा दमही दिलाय.

राहिला मामा. त्याला फोन करून सांगितलं, की अष्टपुत्री तुझ्याकडून हवी. पिवळी, सुती, लाल काठाची. मामा लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानातून व्हिडिओ कॉल करत होता, मागे पिवळ्या साड्यांचा ढीग.

‘‘पिवळी म्हणजे नक्की कुठली गं? लिंबू? हळदी? का सोनसळी?’’

मी उत्तर देणार, तेवढ्यात आजीने माझ्या हातातून फोन काढून घेतला.