डोक्यातल्या उवा : फवारणीचे औषध नको, फणी हाती घ्या



पिकावरच्या किडीविषयी आपण नेहमीच बोलतो. आज बोलू लेकराबाळांच्या डोक्यातल्या किडीविषयी. विषय लहान वाटेल, पण त्यापायी जीवही जाऊ शकतो. उवांनी नव्हे हो, उवा मारायला लावलेल्या विषाने! पोरगी रात्रंदिवस डोके खाजवते, घरात कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली असते आणि कुणी तरी म्हणते, "दोन थेंब तेलात कालवून लाव, सगळ्या मरतील." असे कदापि करू नका. हे विष डोक्याच्या कातडीतून अंगात भिनते. खाजवून जखमा झाल्या असतील तर आणखीच लवकर.

आधी कीड ओळखा

मोठी ऊ तिळाएवढी असते. तिला सहा पाय असतात, पंख नसतात. ती उडत नाही, उडी मारत नाही. एका डोक्याला दुसरे डोके टेकले की केसावरून केसावर चालत जाते. म्हणून शाळेत जवळजवळ बसणाऱ्या, रात्री एका वाकळेत निजणाऱ्या मुलांना ती लवकर लागते. उवा धुतलेल्या डोक्यातही होतात, तेव्हा लाज धरू नका आणि पोरीला बोल लावू नका. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या उवा वेगळ्या. त्या माणसाच्या डोक्यात घर करीत नाहीत.

ऊ माणसाच्या रक्तावर जगते. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. मादी रोज सहा ते आठ अंडी घालते. हीच लीख. ती केसाच्या मुळाशी डिंकासारखी घट्ट चिकटलेली असते. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही. ही झाली खूण. सात ते दहा दिवसांत लिखेतून पिल्लू निघते आणि साधारण दहा दिवसांनी तेच पिल्लू अंडी घालू लागते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळापासून बोटभर लांब दिसणारी पांढरी लीख बहुधा रिकामे टरफल असते.

एका वेळेने का भागत नाही?

अळी मारली, पण अंडी राहिली, तर आठवड्याने पीक पुन्हा किडते. इथेही तेच. म्हणून पाळी धरून काम करा :

1. केस ओले करा किंवा भरपूर खोबरेल तेल लावा. साध्या कंगव्याने गुंता सोडवा.
2. उजेडात बसून, केसांच्या बारीक बटा घेऊन, मुळापासून टोकापर्यंत बारीक दातांची फणी फिरवा. दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहा.
3. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी असेच करा. नवी पिल्ले अंडी घालण्याआधीच फणीत सापडतात. सतराव्या दिवशी तपासून पाहा.
4. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहा. एकाचे डोके राहिले तर केलेली मेहनत वाया जाते.
5. उशीचे अभ्रे, टॉवेल, टोपी, स्कार्फ कढत पाण्यात धुऊन उन्हात घाला. फणी कढत पाण्यात बुडवा. घरात फवारणी करण्याची गरज नाही.

औषधच लावायचे तर डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. एक टक्का परमेथ्रिनचे डोक्याला लावायचे औषध मिळते. ते दहा मिनिटे ठेवून धुवायचे आणि नवव्या दिवशी पुन्हा लावायचे. शेती औषधाच्या दुकानातल्या डब्यावर हेच नाव दिसले तरी ते डोक्याचे नव्हे, ते फार तीव्र असते.

हे करू नका

- रॉकेल, पेट्रोल : चुलीजवळ भडका उडून केस पेटतात, चेहरा भाजतो.
- सीताफळाच्या बियांची पूड : हा जुना उपाय घरोघर माहीत आहे. पण पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. गेलीच तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.
- फवारणीचे औषध : कुणी चुकून लावलेच असेल तर कपडे काढा, साबण-पाण्याने डोके आणि अंग धुवा. लाळ गळणे, उलटी, घाम, अंग थरथरणे यांची वाट पाहू नका. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

खाजवून पू झाला किंवा कानामागे गाठी आल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

मंडळी, फणी काही रुपयांत येते. लागतो तो वेळ आणि धीर. संध्याकाळी ओसरीवर लेकीला पुढ्यात घेऊन बसा. आणि फवारणीचे औषध? ते कुलपातच राहू द्या.