अंगठा थांबतो तिथे

उधारीचा हिशेब ठेवणारे एक अ‍ॅप उघडताच समोर आलेल्या सूचनांच्या चार स्क्रीन न वाचताच 'पुढे, पुढे' करीत ओलांडणारे आणि मग पहिल्याच नोंदीपाशी अडून बसलेले माझे काका पाहिल्यापासून, या सूचना कोण लिहिते आणि कशा लिहिते हे प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा मला स्वस्थ बसू देईना. म्हणून असेच अ‍ॅप तयार होत असलेल्या पुण्यातील एका छोट्या कचेरीत मी दोन दिवस जाऊन बसलो.

सूचनांचा मजकूर लिहिणाऱ्या तेथील बाई मितभाषी होत्या. "पाच माणसं पुरेत," त्या म्हणाल्या. पाच जणांच्या हाती वस्तू देऊन शांतपणे पाहत राहिले, तर सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, हा याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब त्यांचा आधार होता. फोन देणे, काम सांगणे, टिपणे घेणे, हा शिरस्ता झटपट आटोपे.

पहिल्या दिवशीच्या पाचांतले तिसरे एक किराणा दुकानदार. रोजकीर्द-खतावणीत ज्यांचे निम्मे आयुष्य गेले, त्या गृहस्थांचा अंगठा 'जतन करा' या बटणावर अधांतरी थांबला. "ताई, आकडा चुकला अन् तसाच गिऱ्हाइकाला मेसेज गेला, तर?" बाईंनी उत्तर दिले नाही, प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला. तो थांबलेला अंगठा मला अजून दिसतो. वहीतल्या चुकलेल्या आकड्यावर रेघ मारण्याची जी मुभा त्यांना जन्मभर होती, ती येथे आहे की नाही, हे या अ‍ॅपच्याही सुरुवातीच्या चार स्क्रीनपैकी एकीनेसुद्धा सांगितले नव्हते.

कामाची निकड असलेला माणूस आधी सूचना वाचीत बसत नाही, सरळ कामाला लागतो, हे जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ सालीच मांडले होते; तेव्हा काकांना आळशी म्हणणे अन्यायाचे. न विचारता मध्येच येणारी मदतही जाचते: मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली, मदतनीस म्हणून पडद्यावर अवतरणारी बोलकी पेपरक्लिप २००७ च्या आवृत्तीतून नाहीशी झाली.

सायंकाळी बाईंनी चारही स्क्रीन रद्द केल्या आणि बटणाखाली एवढाच मजकूर ठेवला: 'नोंद नंतर बदलता येते. मेसेज तुम्ही पाठवाल तेव्हाच जाईल.' हे वचन खरे ठरावे म्हणून प्रोग्रॅमरांना आपोआप जाणारा मेसेज बंद करावा लागला, आणि या कामाचे मोल मला तेथे कळले: प्रामाणिकपणे समजावून सांगू गेले की वस्तूतले वैगुण्यच प्रथम दुरुस्त करावे लागते.

दुसऱ्या दिवशीच्या पाच जणांत एक भाजीवाल्या आजी होत्या. त्यांचा अंगठा क्षणभर थांबला, ओठ हलले, ओळ वाचून झाली, आणि नोंद झाली. अ‍ॅप बनविणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की सूचनेचा एकही शब्द लिहिण्यापूर्वी त्यांनी अशा पाच माणसांशेजारी बसावे आणि त्यांचा अंगठा कोठे थांबतो ते पाहावे.