पत्रांतली काळी मिरी

२६ सप्टेंबर १९१४ रोजी फ्रान्समधील मार्सेय बंदरात भारतीय फौजेची जहाजे लागली, तेव्हा स्वागताला जमलेल्या नागरिकांनी त्या जवानांना फुले दिली. जहाजांतून उतरणारे बहुतेक तरुण पंजाब, गढवाल, नेपाळ आणि सरहद्द प्रांताच्या खेड्यांतले होते. दरमहा अकरा रुपये पगार, त्यातून घरचे कर्ज फिटावे आणि घराण्याची इज्जत राहावी, असा त्यांच्यापैकी अनेकांचा साधा हिशेब होता. ज्या जर्मनांशी लढायचे त्यांच्याशी त्यांचे कसलेही वैर नव्हते. महिन्याभरातच, अंगावर पातळ सुती गणवेश असतानाच, त्यांना बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर चिखलाने भरलेल्या खंदकांत उभे करण्यात आले.

सरहद्दीवरच्या चकमकींत मुरलेल्या शिपायाला हे युद्ध अगदीच अनोळखी होते. शौर्य दाखवायचे तर समोर शत्रू तरी दिसावा लागतो. येथे दिवसचे दिवस शत्रू दिसत नसे. दिसत ते फक्त आकाशातून कोसळणारे तोफगोळे. १० ते १२ मार्च १९१५ या तीन दिवसांच्या न्यूव्ह शापेलच्या लढाईत भारतीय कोअरचे चार हजारांहून अधिक लोक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. शिपायाची भाषा जाणणारे जुने अधिकारी पहिल्या काही महिन्यांतच पडले आणि विस्कळीत पलटणींत अनोळखी माणसांची भरती झाली. संकटात मनाला आधार देणारी ओळखीची माणसेच भोवती उरली नाहीत. शरीरावर जखम नसतानाही थरथरणाऱ्या, वाचा किंवा स्मृती हरवलेल्या सैनिकांविषयी डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले आणि ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकात रूढ झाला. पुढे एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात ब्रिटिश अधिकाऱ्यांना डॉक्टर रिव्हर्स यांच्यासमोर मन मोकळे करण्याची सोय झाली. भारतीय शिपायाजवळ मात्र मुख्यतः पत्र होते.

आणि तेही पूर्णपणे त्याचे नव्हते. ज्याला लिहिता येत नसे, तो पत्र दुसऱ्याकडून लिहून घेई. ते आधी पलटणीतला अधिकारी वाची, मग सेन्सॉरची कचेरी, आणि गावी पोहोचल्यावर ते चार लोकांत मोठ्याने वाचले जाई. इतक्या कानांवरून जाणाऱ्या पत्रात ‘मला भीती वाटते’ असे कोण लिहिणार? म्हणून हे तरुण आडवळणाने लिहीत. हे युद्ध नव्हे, जगाचा अंत आहे, असे कोणी सांगे. कोणाला महाभारत आठवे. कोणी धाकट्या भावाला, काहीही कर पण पलटणीत भरती होऊ नकोस, असे बजावी. काहींनी तर माल-मसाल्याची भाषा वापरली. काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरी वापरात काढली पाहिजे, असा मजकूर येई. काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक आणि लाल मिरी म्हणजे गोरे, हे सेन्सॉरने लवकरच ओळखले. पेढीवरच्या सांकेतिक बोलीत वाढलेल्या वाचकांना ही युक्ती फार अवघड वाटणार नाही.

सेन्सॉरप्रमुख कॅप्टन एव्हलिन हॉवेल यांची एक नोंद विशेष लक्षात राहते. १९१५ च्या सुरुवातीस पत्रांत कवितेचे प्रमाण वाढले आहे, असे त्यांना आढळले. आणि हे काव्य त्यांना मानसिक अस्वस्थतेचे अशुभ लक्षण वाटले. ज्यांचे काम मजकूर खोडण्याचे, त्या अधिकाऱ्याला ही वेदना ओळखता आली, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

जखमी शिपायांना इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे नेत. तेथील राजवाड्याचे रुग्णालय करण्यात आले होते आणि निरनिराळ्या धर्म-जातींसाठी नऊ स्वयंपाकघरे होती. या व्यवस्थेची छायाचित्रे मोठ्या अभिमानाने प्रसिद्ध केली गेली. शिपायाचे दुःख मात्र निराळे होते. एकदा जखमी झालो की घरी पाठवतील, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात बरा झालेला माणूस पुन्हा त्याच खंदकांत पाठवला जाऊ लागला. जखम भरून येणे हीच भीती झाली. त्याच शहरातील किचनर रुग्णालयाभोवती तर काटेरी तारा होत्या. हाताला गोळी लागलेले शिपाई बरेच येत, तेव्हा त्यांनी स्वतःच जखम करून घेतली असा संशय घेतला गेला. कर्नल ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमांची तपासणी केली. संशयाला आधार मिळाला नाही.

१९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून हलविण्यात आले. त्याच सुमारास मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी कूत-अल-अमारा येथे वेढले. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ पर्यंत, सुमारे पाच महिने, वेढा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस देण्यात येऊ लागले. ब्रिटिश शिपायांनी ते खाल्ले. भारतीयांनी बराच काळ नाकारले. धर्मगुरूंची अनुमती बिनतारी संदेशाने मागविण्यात आली, तरी मन तयार होईना. परतल्यावर जातभाई पंक्तीला घेतील का, मुलींची लग्ने होतील का, ही काळजी उपाशी पोटीही सुटत नव्हती. सेनाधिकाऱ्यांना हा हट्ट वाटला. परमुलखात मरणाच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाला गावची पंगत आठवावी, यात हट्ट कमी आणि घराची ओढ अधिक होती. भाजीपाल्याविना अनेकांना स्कर्व्ही झाला. शरणागतीनंतर वाळवंटातून चालविलेल्या या कैद्यांपैकी कित्येक वाटेतच गेले.

सातारा जिल्ह्यातील काही गावांत आजही त्या काळच्या संगमरवरी पाट्या दिसतात. गावातून महायुद्धावर किती माणसे गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढे दोनच आकडे त्यांवर कोरलेले असतात. परतलेले पुढे रात्री झोपू शकले का, याची नोंद कोणत्याच दप्तरात झाली नाही.