वादळाच्या नुकसानीचा आकडा येतो कुठून?

24 ऑगस्ट 1992 च्या पहाटे ‘अँड्र्यू’ हे हरिकेन अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, होमस्टेड गावाजवळ धडकलं. त्याच दिवशी बॉस्टनमधल्या ‘अप्लाइड इन्शुरन्स रिसर्च’ या छोट्या कंपनीनं आपल्या ग्राहक असलेल्या विमा कंपन्यांना फॅक्स केला: विमा कंपन्यांचं नुकसान 13 अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकतं. कंपनीच्या संस्थापक होत्या कॅरन क्लार्क. विमा व्यवसायातल्या मुरब्बी मंडळींना हा आकडा अवास्तव वाटला, कारण तोवर एकाही हरिकेननं त्यांना एवढा फटका दिला नव्हता. सगळे दावे निकाली निघाले तेव्हा बेरीज साडेपंधरा अब्जांच्या घरात गेली. अकरा विमा कंपन्या बुडाल्या.

इतरांचा अंदाज चुकला, कारण ते मागच्या वर्षांच्या दाव्यांची सरासरी काढून पुढचा हिशेब मांडत होते. त्याआधीच्या काही दशकांत फ्लोरिडाला मोठी वादळं फारशी लागली नव्हती, आणि याच काळात किनारा घरांनी भरून गेला होता. जुन्या दाव्यांत ही नवी घरं नव्हतीच. क्लार्क यांनी आज काय उभं आहे ते पाहिलं आणि त्यावरून संगणकात हजारो संभाव्य वादळं फिरवली. आज जगभरच्या विमा कंपन्यांची गणितं याच पद्धतीनं चालतात.

चार प्रश्नांचं गणित

अशा पद्धतीचं संगणकी मॉडेल चार प्रश्न क्रमानं सोडवतं. वारा कुठे, किती वेगानं वाहिला आणि समुद्र किती आत शिरला? त्या पट्ट्यात काय उभं होतं, किती जुनं, कशानं बांधलेलं? तसल्या वाऱ्यापाण्यात तसली इमारत किती मोडते? आणि त्या मोडतोडीपैकी विमा कंपनी किती भरणार, मालक किती सोसणार? पहिला प्रश्न हवामानशास्त्राचा, दुसरा नोंदींचा, तिसरा बांधकामाचा आणि चौथा करारनाम्याचा.

वाऱ्याचं गणित भीतिदायक आहे. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले विल्यम नॉर्डहाउस यांनी अमेरिकेतल्या हरिकेनांचा हिशेब मांडला, तेव्हा नुकसान वेगाच्या आठव्या-नवव्या घातानं वाढताना दिसलं. म्हणजे वेग दहा टक्के वाढला की नुकसान दुपटीच्याही पुढे जातं. त्यात माणसाची हयगय मिसळली की विचारायलाच नको. अँड्र्यूनंतर पाहणी झाली तेव्हा कित्येक घरांच्या छताच्या फळ्या खिळ्यांऐवजी स्टेपलनं ठोकलेल्या निघाल्या. नियम कडक होते, तपासणी ढिली होती. सुमारे 63 हजार घरं जमीनदोस्त झाली.

पण वारा म्हणजे सगळं वादळ नव्हे. 2012 साली ‘सँडी’ न्यू जर्सीला पोहोचलं तेव्हा त्याचा वेग हरिकेनच्या सर्वांत खालच्या श्रेणीइतकाच होता, तरी समुद्र न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत शिरला. नुकसान सुमारे 65 अब्ज डॉलर.

वारा की पाणी?

29 ऑगस्ट 2005 ला आलेलं ‘कॅटरिना’ हे विमा व्यवसायाला हादरवणारं वादळ. एकूण नुकसान 125 अब्ज डॉलर. अमेरिकेतला घराचा नेहमीचा विमा वाऱ्याचं नुकसान भरतो, पुराचं नाही. पुरासाठी 1968 पासून वेगळी सरकारी योजना आहे आणि तिथे घराच्या इमारतीला अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर कित्येक घरांचा फक्त जोता शिल्लक होता. घर आधी वाऱ्यानं पाडलं की लाटेनं नेलं, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. ज्यांच्याकडे पुराचा विमा नव्हता, त्यांचं सगळं पुनर्वसन या एका उत्तरावर अडून राहिलं.

एकूण नुकसानीचा आकडा काढतानाही विम्याचा पेच येतो. विम्याच्या दाव्यांचे कागद असतात, बाकीच्या नुकसानीचे बहुतेक नसतात. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रानं बरीच वर्षं सोपा ठोकताळा वापरला: विम्याखालच्या नुकसानीची दुप्पट म्हणजे एकूण नुकसान. 2017 साली ‘हार्वी’नं टेक्सासमध्ये 60 इंचांच्या वर पाऊस ओतला आणि ह्यूस्टनमध्ये बुडालेल्या बहुसंख्य घरांना पुराचा विमाच नव्हता. अशा वादळापुढे दुपटीचा नियम तोकडा पडतो.

जुन्या-नव्या वादळांची तुलनाही जपून करावी लागते. 1926 साली मायामीत आलेल्या हरिकेननं तेव्हाच्या किमतीत साधारण दहा कोटी डॉलरचं नुकसान केलं. तेच वादळ आजच्या मायामीवर आलं, तर नुकसान 200 अब्ज डॉलरच्या पुढे जाईल, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. तापलेला समुद्र वादळांना अधिक पाऊस आणि जोर देतो, हे खरंच. पण आकडे फुगण्याचं मोठं कारण म्हणजे वाटेत वाढलेली मालमत्ता.

कोणाचं नुकसान मोठं?

इथेच मला या आकड्यांविषयी सर्वांत गंभीर आक्षेप आहे. डॉलरची बेरीज मालमत्ता मोजते, हाल मोजत नाही. 2017 च्या ‘मारिया’नं अमेरिकेच्या पोर्तो रिको आणि व्हर्जिन बेटांत 90 अब्ज डॉलरचं नुकसान केलं. पोर्तो रिकोत मृतांची संख्या सरकारनं आधी 64 सांगितली आणि वर्षभरानं 2,975 मान्य केली. वीज, औषधं, उपचार न मिळाल्यानं गेलेले जीव पहिल्या मोजणीत आलेच नव्हते. शेजारच्या डोमिनिका या सत्तर हजार वस्तीच्या देशात याच वादळाचा आकडा होता जेमतेम 1.3 अब्ज डॉलर. मोठ्या नुकसानीच्या यादीत तो कुठेच वर येत नाही. पण ही रक्कम त्या देशाच्या वर्षाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 226 टक्के होती.

डोमिनिकाच्या हिशेबाची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आयोगानं सत्तरच्या दशकात ती घडवायला सुरुवात केली. त्यात मोडलेल्या वस्तूंचा एक रकाना आणि त्यामुळे पुढे बुडणाऱ्या उत्पन्नाचा दुसरा रकाना असतो. पडलेलं झाड पहिल्यात, ते पुन्हा फळायला लागेपर्यंतची वर्षं दुसऱ्यात.

हा दुसरा रकाना आपल्या कोकणाला फार लागू पडतो. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळानं रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पंचनामे झाले, राज्य सरकारनं बागायतीची मदत हेक्टरी 50 हजार रुपयांवर नेली. पण तिथली वाडी गुंठ्यांत असते. या दरानं दहा गुंठ्यांच्या वाडीला येतात पाच हजार रुपये. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, आणि त्या वर्षांचं बुडालेलं उत्पन्न हेक्टरी दरात धरलेलं नसतं.

म्हणून पुढच्या वेळी वादळाचा आकडा वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: यात फक्त विम्याचं नुकसान आहे की एकूण? बुडणारं उत्पन्न धरलंय का? आणि ते त्या लोकांच्या कमाईच्या किती पट आहे? सरकारकडे आपली मागणी ही असली पाहिजे की पंचनाम्यात दुसरा रकाना यावा. आणि किनाऱ्यावरच्या वाचकांना कळकळीची विनंती: चार प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर तुमच्या हातात आहे. वाडीतली झाडं, त्यांची वयं, घराचं बांधकाम यांची फोटोंसह नोंद पावसाळ्याआधी करून ठेवा आणि ई-पीक पाहणीत आपली लागवड नोंदवून घ्या.