किती पानं?

एप्रिलअखेरीचं ऊन. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि शेजारचं स्मारक पाहून बाहेर पडलो तेव्हा साडेबारा झाले होते. कवीचा जन्म इथला, 1866 चा. स्मारकाचं उद्घाटन कुसुमाग्रजांच्या हस्ते 1994 मध्ये झालं. कविता झाली, आता पोट.

जेवण एका घराच्या पडवीत होतं. सकाळी नऊला फोन केला तेव्हा काकूंनी काय खाणार ते विचारलंच नाही. "किती पानं?" एवढंच. घरगुती खाणावळीचं सगळं गणित या दोन शब्दांत आहे. किती नारळ खवायचे, किती तांदूळ वैरायचे, मोदक किती वळायचे, ते पानांवर ठरतं. म्हणून मेनूकार्ड नाही, आणि उरलंसुरलं फ्रीजमध्ये टाकणंही नाही.

पानात ओल्या काजूची उसळ होती. ओला काजूगर सोलताना त्याचा चीक बोटं भाजतो. ताटभर उसळीमागे कुणाचा तरी अख्खा सकाळचा वेळ गेलेला असतो. अंगणात रातांबे वाळत होते. फळ फोडून साल वाळवायची, त्याच रसात पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. असं चार-पाच वेळा झालं की काळीभोर आमसुलं होतात. सोलकढी मात्र आगळाची. आगळ नारळाच्या दुधात पडलं की गुलाबी रंग चढतो. तापवलीत तर फुटते, हे मी घरी एकदा शिकलो आहे.

खाणावळ हा शब्द कोकणी माणसाला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत दाटीवाटीने राहणारे गिरणी कामगार खाणावळवाल्या बायांकडे जेवत. सावकारी व्याजात अडकलेल्या या बायांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि त्या चुलीही. तेव्हा कोकण मुंबईत जेवत होतं. आता मुंबई कोकणात येऊन जेवते. बाई मात्र दोन्हीकडे चुलीपाशीच. तिच्या कष्टाची किंमत पानाच्या दरात पुरती धरलेली असते, असं मला वाटत नाही.

    

मोदक हळदीच्या पानावर उकडलेले होते. झाकण काढलं तेव्हा तो वास पडवीपर्यंत आला. माणशी तीन.

आम्ही हात धुवत होतो तेवढ्यात एक जोडपं फोन न करता दारात उभं राहिलं. काकूंनी पदराला हात पुसले.

"या, बसा. भात आहे, आमटी आहे, ताक आहे. मोदक मोजून केले होते हो, संपले."