आगगाडीतली एक भेट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, ‘रोजच्या भेटीगाठींतून देव बोलतो म्हणता, पण ते ओळखायचं कसं?’ प्रश्न रास्त आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच उदाहरण घेऊ. आगगाडीनं राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. गप्पा रंगल्या. त्यांनी नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती दिली. टिळकांना पुस्तक आरंभी रुचलं नाही. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचत राहिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरील प्रवचन आलं आणि ते तिथंच खिळले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता बघा, भेट हे केवळ निमित्त. अशी माणसं आपल्यालाही भेटतात, आणि त्यांनी दिलेलं पुस्तक कपाटात पडून राहतं. टिळकांना बोध झाला तो दिलेला शब्द पाळताना.

त्याची किंमतही विसरून चालणार नाही. लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. ते दुःख ‘स्मृतिचित्रे’त आहे. पुढं १९०० साली लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतः विचार करून, नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. म्हणजे आपल्याला उमगलेला अर्थ दुसऱ्यावर लादता येत नाही, अगदी घरातल्या माणसावरही नाही.

तेव्हा आपण रात्री निजताना एवढंच आठवून पाहावं: आज कोण भेटलं, आणि त्याला दिलेला कोणता शब्द पाळायचा राहिला?