लग्नाचं शूटिंग: अक्षता पडताना व्हिडिओ का फाटतो?

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, गाव कोणतंही असो, शूटिंगचा धंदा सुरू करणारा आधी विचारतो, "सर, कॅमेरा कोणता घेऊ?" मी म्हणतो, घेतलेला कॅमेरा कोणत्या सेटिंगवर चालवणार ते आधी ठरवा.

कॅमेरा व्हिडिओ दाबतो कसा?

फुल एचडी व्हिडिओ न दाबता साठवला तर सेकंदाला 600 मेगाबिटच्या वर डेटा होतो. कार्डवर एवढा मावत नाही, म्हणून कॅमेरा तो दाबतो. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात.

जुन्या मिनी डीव्ही टेपवर प्रत्येक फ्रेम वेगवेगळी दाबली जायची. 2006 मध्ये सोनी आणि पॅनासोनिकने एव्हीसीएचडी आणलं. त्यात एच.264 पद्धत आहे: एक फ्रेम पूर्ण ठेवायची, पुढच्या फ्रेममध्ये बदल झाला तेवढाच लिहायचा.

आता मांडवात या. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चालू आहेत. फार काही हलत नाही, चित्र स्वच्छ. "सावधान" झालं की चारी बाजूंनी अक्षता! प्रत्येक दाणा प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी. लिहायला भरपूर आणि जागा कमी, मग नवरीच्या चेहऱ्यावर ठोकळे दिसतात. वरातीत डीजेच्या लाइटखाली हेच होतं.

जागा ठरते बिटरेटवर

सोनीच्या बऱ्याच एव्हीसीएचडी हँडीकॅममध्ये हे मोड असतात:

- एफएक्स: 24 मेगाबिट, तासाला साधारण 11 जीबी
- एफएच: 17 मेगाबिट, साधारण 8 जीबी
- एलपी: 5 मेगाबिट, सव्वादोन जीबी

चारही बाजूंनी बघा, तिन्हींत फॉरमॅट एकच, पण क्वालिटीत मोठा फरक. एलपीवर कार्ड वाचतं, गिऱ्हाईक जातं. लग्न परत लावता येत नाही! म्हणून सगळ्यात वरचा मोड लावा आणि जादा कार्डचा खर्च कोटेशनमध्येच धरा.

2013 चं एच.265 साधारण निम्म्या डेटात तेवढीच क्वालिटी देतं. पण जुना कॉम्प्युटर एडिटिंगला अडखळतो. आधी स्वतःच्या मशीनवर चालवून बघा.

देताना काय करायचं?

प्रत्येक वेळी दाबताना थोडी क्वालिटी जाते आणि गेलेली परत येत नाही. म्हणून मूळ फुटेज जपा, एडिटिंग त्यावरच करा, शेवटी एकदाच एमपी4 काढून पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो पुन्हा दाबला जातो. छोटी क्लिप डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आजचा होमवर्क

घरी कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर मूठभर तांदूळ उधळायला सांगा. एक मिनिट सगळ्यात वरच्या मोडवर, एक मिनिट सगळ्यात खालच्या मोडवर घ्या. दोन्ही मोठ्या टीव्हीवर लावा, कारण कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फरक कळत नाही. पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी एवढं कराच.